जाड पट्टीच्या टाइपाची कुळकथा

स्लॅब सेरिफ म्हणजे टोकांना जाड, चौकोनी पट्ट्या असलेला रोमन टाइप. पुस्तकी टाइपात टोकाची रेघ नाजूक असते. इथे ती अक्षराच्या दांड्याइतकीच जाड ठेवतात. म्हणून हा टाइप लांबून ठसठशीत दिसतो.

त्याचा जन्म लंडनचा. तिथे जाहिरातबाजीला जोर आला, तेव्हा भिंतीवरच्या कागदांसाठी पुस्तकी टाइप फिका पडू लागला. 1815 च्या सुमारास विन्सेंट फिगिन्स यांनी असा टाइप ‘अँटिक’ नावाने विक्रीस काढला. नेपोलियनच्या मोहिमेनंतर युरोपभर इजिप्तचे वेड होते, त्यामुळे पुढे ‘इजिप्शियन’ हेच नाव रूढ झाले. 1827 मध्ये न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्स यांनी यंत्राने लाकडी खिळे कोरायला सुरुवात केली आणि मोठ्या आकाराची अक्षरे स्वस्त झाली. 1845 मध्ये रॉबर्ट बेस्ली यांच्या ओतशाळेने पट्टी दांड्याशी गोलाईने जोडलेला ‘क्लॅरेंडन’ आणला. मेम्फिस (1929) आणि रॉकवेल (1934) यांनी हीच पट्टी भूमितीच्या शिस्तीत बसवली.

देवनागरीची गोष्ट वेगळी. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागरचे मराठी खिळे बोरूच्या वळणाचे होते, आणि नागरीत पट्टीचे काम शिरोरेषा आधीपासूनच करते. जाड टाइप करताना खरी कसोटी लागते ती या रेषेवर. ‘भ’ आणि ‘ध’ यांची शिरोरेषा तुटलेली असते, ‘म’ आणि ‘घ’ यांची अखंड. वजन वाढवताना ती फट अरुंद झाली आणि त्यात शाई भरली, की ‘भरती’ची ‘मरती’ होते आणि ‘धन’चे ‘घन’. जोडाक्षरांच्या पोटातली जागाही अशीच बुजते. म्हणून जाड नागरीत आडव्या रेघा उभ्या दांड्यांपेक्षा थोड्या बारीक ठेवाव्या लागतात. सोल माटास यांच्या ‘कडवा’ टाइपात नागरीच्या जोडीला ‘अंदादा’ या स्लॅब सेरिफवर आधारलेली रोमन अक्षरे आहेत.

नागरी इतर लिप्यांच्या शेजारी येते, तेव्हा ही कसोटी आणखी वाढते. उदाहरणार्थ, बीदर जिल्ह्यात कानडी, मराठी, उर्दू आणि तेलुगू शेजारी नांदतात. एकाच पाटीवर या भाषांच्या लिप्या आल्या, तर प्रत्येकीचे वजन वेगळ्या जागी पडते. नागरीत ते शिरोरेषेवर येते, कानडीत माथ्यावरच्या तलेकट्टूवर, तर उर्दूच्या नस्तालीकला वर पट्टीच नसते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने ‘बालू’ कुळात या चारही लिप्यांचे जाड टाइप केले, पण टोके गोल ठेवली. एका लिपीची पट्टी दुसरीवर लादली नाही.

जाड पट्टीचा टाइप दुकानाची पाटी, वृत्तपत्राचा मथळा, पुस्तकाचे मुखपृष्ठ आणि नाटकाची जाहिरात यांना शोभतो. सलग मजकुराला तो वापरू नये. दोन-चार शब्दांपुढे तो डोळ्यांना शिणवतो.