घरगुती जाळ्यातील दूरस्थ डेस्कटॉप जोडणी

दूरस्थ डेस्कटॉप म्हणजे एका संगणकाचा पडदा, कळफलक व माउस दुसऱ्या संगणकावरून वापरण्याची सोय होय. ज्या संगणकावर काम प्रत्यक्ष चालते त्यास यजमान संगणक व ज्याच्यासमोर वापरकर्ता बसलेला असतो त्यास ग्राहक संगणक असे म्हणतात. एकाच घरातील, एकाच राउटरला जोडलेल्या दोन संगणकांमधील अशी जोडणी तत्त्वतः सोपी असते. तिच्यासाठी इंटरनेट सुरू असण्याचीही गरज नसते. तरीही ती वारंवार तुटते किंवा जुळतच नाही. प्रस्तुत लेखात या दोषांची कारणे व ती शोधण्याचा क्रम यांचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९९८ साली विंडोज एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीसोबत रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉल प्रचारात आणला. त्याआधी, १९९७ साली, तिने सिट्रिक्स कंपनीकडून एकाच यंत्रावर अनेक वापरकर्त्यांची सत्रे चालवण्याचे तंत्र परवान्याने घेतले होते. सामान्य ग्राहकाच्या संगणकात ही सोय २००१ च्या विंडोज एक्सपी प्रोफेशनलपासून आली. याच सुमारास केंब्रिज येथील ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत व्हीएनसी ही वेगळ्या धर्तीची पद्धत विकसित झाली. मॅक संगणकांवरील स्क्रीन शेअरिंग ही सोय तिच्यावरच आधारलेली आहे. लिनक्सवर दोन्ही पद्धती चालतात.

महाराष्ट्रात ही सोय घरोघरी पोहोचली ती मुख्यतः मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत. वसई-विरार परिसरातील नोकरदारांचा मोठा वर्ग पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाड्यांनी मुंबईस ये-जा करतो. गाड्या सर्वसामान्यांना बंद झाल्या तेव्हा कार्यालयातील संगणक घरून चालवणे हाच अनेकांपुढे मार्ग उरला. त्या निमित्ताने घरात दुसरा, तिसरा संगणक आला आणि पुढे तोच उपयोग घरातल्या घरातही होऊ लागला. माडीवरच्या खोलीतील जुन्या संगणकात हिशेबाचे सॉफ्टवेअर, छायाचित्रांचा साठा किंवा मराठी अक्षरजुळणीचा संच असतो आणि खाली बसून लॅपटॉपवरून तो चालवता येतो.

कार्यपद्धती

यजमान संगणक आपल्या पडद्यावरील बदल जाळ्यातून पाठवतो. ग्राहक संगणक कळा व माउस यांच्या हालचाली परत पाठवतो. विंडोजची सेवा यासाठी ३३८९ क्रमांकाच्या पोर्टवर वाट पाहत असते, व्हीएनसी सामान्यतः ५९०० वर. पोर्ट म्हणजे एकाच पत्त्यावरील निरनिराळ्या सेवांचे दरवाजे असे समजावे. जोडणी होण्यासाठी चार गोष्टी एका ओळीत जुळाव्या लागतात: यजमान जागा असावा, त्याचा पत्ता बरोबर ठाऊक असावा, वाटेत कोणी अडवू नये आणि दाराशी ओळख पटावी. दोषशोध याच क्रमाने केल्यास वेळ वाचतो. प्रत्यक्षात बहुतेक जण चौथ्या गोष्टीपासून सुरुवात करतात व परवलीचा शब्द पुनःपुन्हा टाइप करत बसतात.

संदेशाचा अर्थ

पहिला पुरावा म्हणजे पडद्यावर उमटणारा संदेश. विंडोजचा सर्वांत परिचित संदेश तीन शक्यता एकदम सांगतो: यजमानावर ही सोय सुरू केलेली नाही, यजमान बंद आहे, किंवा तो जाळ्यावर उपलब्ध नाही. हा संदेश आला याचा अर्थ ग्राहक संगणक दारापर्यंत पोहोचलाच नाही. याउलट, ओळखपत्रे चुकीची असल्याचा किंवा या खात्यास दूरस्थ प्रवेशाची परवानगी नसल्याचा संदेश आला, तर जाळे, पत्ता व फायरवॉल या तिन्ही गोष्टी ठीक आहेत हे सिद्ध होते. मग राउटर बंद-चालू करण्यात काही अर्थ नाही.

यजमान संगणक

विंडोजच्या होम आवृत्तीत यजमान होण्याची सोय नसते. तिच्यावरून दुसऱ्या संगणकाशी जोडणी करता येते, पण तिच्याशी करता येत नाही. घरगुती लॅपटॉप बहुधा याच आवृत्तीसह विकले जातात, त्यामुळे अनेक तक्रारींचे मूळ येथेच सापडते. प्रो आवृत्ती असल्यास सेटिंगमध्ये जाऊन रिमोट डेस्कटॉप सुरू करावे लागते. ते मुळात बंद असते. होम आवृत्तीवर व्हीएनसी पद्धतीचे सॉफ्टवेअर बसवणे हा सरळ पर्याय आहे. सिस्टिम फाइलींत फेरफार करून होम आवृत्तीतच ही सोय उघडणारी साधने फिरत असतात. ती परवान्याच्या अटींत बसत नाहीत आणि विंडोजच्या पुढच्या अद्ययावतीकरणानंतर बंद पडू शकतात.

दुसरे कारण निद्रावस्था. वीज वाचवण्यासाठी संगणक काही मिनिटांनी झोपतो व झोपलेला संगणक हाकेला उत्तर देत नाही. यजमानाची निद्रा बंद ठेवणे किंवा त्याला जाळ्यातून जागे करण्याची सोय वापरणे, असे दोन उपाय आहेत. दुसऱ्या उपायात १०२ बाइटचा एक खास संदेश पाठवला जातो. त्यात आरंभीच्या सहा बाइटनंतर यजमानाच्या जाळेपट्टीचा सहा बाइटचा हार्डवेअर पत्ता सोळा वेळा लिहिलेला असतो. ही सोय तारेच्या जोडणीवर भरवशाची आहे, वायफायवर क्वचितच.

वीज जाऊन आल्यावर यजमान आपोआप सुरू होईलच असे नाही; त्यासाठी बायोसमधील वीजविषयक पर्याय बदलावा लागतो. जुन्या संगणकात मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची बॅटरी संपलेली असल्यास वीज गेल्यावर दिनांक अनेक वर्षे मागे जातो. दोन संगणकांच्या घड्याळांत असा फरक पडला की प्रमाणीकरण नाकारले जाऊ शकते. त्या वेळी दोष जाळ्याचा वाटतो आणि औषध काही रुपयांच्या बॅटरीत असते.

पत्ता

घरगुती जाळ्यातील पत्ते राउटर वाटतो. ते बहुधा १९२.१६८ ने सुरू होतात. १९९६ साली ठरलेल्या संकेतानुसार हा गट, १० ने सुरू होणारा गट आणि १७२.१६ ते १७२.३१ हा गट खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेला आहे. येथे देवनागरीत लिहिलेले अंक संगणकावर अर्थातच इंग्रजी अंकांत टाइप करावयाचे असतात. यजमानाचा पत्ता आयपीकॉन्फिग या आज्ञेने कळतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही व संगणकाने स्वतःच एक काढून घेतला आहे असे समजावे. अशा वेळी तार, खाच व वायफाय तपासावे. राजोडी, कळंब, अर्नाळा यांसारख्या समुद्रकाठच्या गावांत खाऱ्या दमट हवेने तारेच्या टोकावरील पिनांना गंज चढतो, हेही एक साधे पण नजरेआड राहणारे कारण आहे.

राउटरने दिलेला पत्ता कायमचा नसतो. काल चाललेली जोडणी आज चालत नाही आणि मध्ये वीज गेली होती किंवा राउटर बंद केला होता, तर पत्ता बदलला असण्याचा संभव मोठा. राउटरमध्ये यजमानासाठी ठरावीक पत्ता राखून ठेवणे हा यावरील टिकाऊ उपाय आहे. मात्र यजमानावर वायफायचा यादृच्छिक हार्डवेअर पत्ता हा पर्याय सुरू असेल, तर राउटर त्याला ओळखत नाही व राखीव जागा वाया जाते.

संगणकाच्या नावाने जोडणी होत नाही पण पत्त्याने होते, असे आढळल्यास दोष केवळ नावाचा पत्ता शोधण्याच्या व्यवस्थेत आहे.

राउटर व वाटेतील अडथळे

घरात दोन राउटर असणे हे आता सर्रास दिसते. फायबर जोडणी देणारा व्यावसायिक आपले यंत्र बसवून जातो; त्यातही राउटर असतो. पुढे माडीवर वायफाय पोहोचत नाही म्हणून घरचे लोक दुसरा राउटर आणून पहिल्याला जोडतात. आता खालचा संगणक पहिल्या जाळ्यात व वरचा दुसऱ्या जाळ्यात असतो. दोघांनाही इंटरनेट मिळते, त्यामुळे सारे ठीक वाटते. पण खालचा वरच्याला शोधू शकत नाही. वरून खाली मात्र जोडणी बहुधा होते. एकाच दिशेने चालणारी जोडणी दिसली की प्रथम याच कारणाची शंका घ्यावी. दोन्ही संगणकांच्या पत्त्यांतील पहिले तीन आकडे ताडून पाहिल्यास, उदाहरणार्थ एकीकडे १९२.१६८.१ आणि दुसरीकडे १९२.१६८.० असल्यास, खुलासा होतो. दुसऱ्या राउटरला केवळ ॲक्सेस पॉइंट म्हणून चालवले की दोन्ही जाळी एक होतात.

पाहुण्यांसाठीचे वायफाय हाही असाच फसवा प्रकार आहे. त्यावरील उपकरणे एकमेकांना दिसू नयेत अशीच त्याची रचना असते.

कार्यालयाच्या लॅपटॉपवर व्हीपीएन सुरू असताना सगळी वाहतूक कार्यालयाकडे वळवली जाते व घरातील प्रिंटर आणि संगणक दिसेनासे होतात. व्हीपीएन थांबवून पाहणे ही येथील कसोटी आहे. कार्यालयाचे नियम ते करू देत नसतील, तर घरकामासाठी दुसरे यंत्र वापरणे बरे.

फायरवॉल

पिंग या आज्ञेने यजमान उत्तर देतो का ते पाहण्याची जुनी रीत आहे. उत्तर आले तर वाट मोकळी आहे. पण उत्तर आले नाही म्हणून वाट बंद आहे असा निष्कर्ष काढू नये, कारण विंडोजची फायरवॉल अनेकदा पिंगलाच गप्प ठेवते. त्यापेक्षा पॉवरशेलमधील टेस्ट-नेटकनेक्शन या आज्ञेने थेट ३३८९ पोर्ट तपासावा. यजमानावर नेटस्टॅट या आज्ञेने तोच पोर्ट ऐकण्याच्या स्थितीत दिसतो आणि ग्राहकाकडून मात्र तो बंद आढळतो, तेव्हा मधली भिंत फायरवॉलची असते. वेगळे विकत घेतलेले अँटिव्हायरस सॉफ्टवेअर स्वतःची फायरवॉल आणते, हे लक्षात ठेवावे. घरचे जाळे सार्वजनिक म्हणून नोंदले गेले असल्यास ते खासगी करावे. फायरवॉल क्षणभर बंद करून कारण पक्के करणे ठीक. ती तशीच बंद ठेवून दोष दूर झाला असे मानणे घातक होय.

खाते व ओळख

विंडोज मुळात परवलीचा शब्द नसलेल्या खात्यास दूरस्थ प्रवेश देत नाही. घरातील संगणकाला परवलीचा शब्द कशाला, असे म्हणून तो न ठेवलेल्या घरांत ही अडचण हमखास येते. चार आकडी पिन त्या यंत्रापुरती असते. दूरस्थ जोडणीत ती चालत नाही, मूळ परवलीचा शब्दच द्यावा लागतो. रोज पिन वापरणाऱ्यास तो आठवत नसतो, हा भाग वेगळा. खाते मायक्रोसॉफ्टचे असल्यास वापरकर्त्याच्या नावाच्या जागी संपूर्ण ईमेल पत्ता लिहावा. प्रशासक नसलेल्या खात्यास दूरस्थ वापरकर्त्यांच्या गटात समाविष्ट करावे लागते. टाइप करताना कळफलक मराठीवर राहिलेला नाही ना, हेही पाहावे. ठिपक्यांआड ती चूक दिसत नाही.

पहिल्या जोडणीत प्रमाणपत्राविषयी इशारा येतो तो दोष नव्हे. यजमान स्वतःच स्वतःचे प्रमाणपत्र तयार करतो, म्हणून ग्राहक साशंक असतो. हे प्रमाणपत्र सहा महिन्यांचे असून पुढे नवे तयार होते, त्यामुळे इशाराही पुन्हा दिसू शकतो.

दोन्ही संगणक सारखेच अद्ययावत असणे आवश्यक आहे. ८ मे २०१८ च्या सुरक्षा सुधारणेनंतर अद्ययावत झालेले ग्राहक संगणक मागे राहिलेल्या यजमानांशी जोडणी करण्यास नकार देऊ लागले व जगभर गोंधळ उडाला. सुधारणा काढून टाकणे हा तेव्हा सुचवला गेलेला सोपा तोडगा होता. यजमान अद्ययावत करणे हा खरा उपाय होता.

सत्र सुरू झाल्यानंतर

विंडोजच्या घरगुती व व्यावसायिक आवृत्त्यांत एका वेळी एकच सत्र चालते. खालून जोडणी होताच वरच्या पडद्यावर कुलूप लागते व तेथे काम करणारे मूल तक्रार करत खाली येते. हा बिघाड नाही. दोघांना एकच पडदा पाहायचा असल्यास व्हीएनसी अधिक सोयीचे.

पडदा काळा राहणे हा बहुधा यजमानाच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचा दोष असतो. चित्र अडखळत असेल, तर रंगांची खोली व वॉलपेपर कमी करावे. त्याहून चांगले म्हणजे यजमानास तारेने जोडावे. जाड भिंती व काँक्रीटचा स्लॅब ओलांडताना वायफाय क्षीण होते.

मराठी मजकूर

ग्राहक संगणकावर निवडलेला कळफलक सामान्यतः सत्रातही लागू होतो. इन्स्क्रिप्ट वापरणाऱ्यांनी तो दोन्हीकडे बसवून ठेवावा. श्रीलिपीसारख्या संचांतील युनिकोडपूर्व फाँटमध्ये अक्षरजुळणी केलेल्या फाइली दूरस्थ पडद्यावर नीट दिसतात, कारण अक्षरांचे चित्र यजमानावरच तयार होते. मात्र तोच मजकूर कॉपी करून ग्राहक संगणकावर चिकटवल्यास इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा कचरा हाती येतो. तो मजकूर आधी यजमानावरच युनिकोडमध्ये रूपांतरित करावा. यूएसबी कुलूप लावून चालणारी काही सॉफ्टवेअरे दूरस्थ सत्र ओळखतात आणि सुरू होण्यास नकार देतात. तेथे व्हीएनसी पद्धतीने काम होऊ शकते.

सुरक्षितता

घराबाहेरूनही संगणक उघडता यावा म्हणून राउटरवर ३३८९ पोर्ट सर्व जगाला खुला करण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. तो मानू नये. १४ मे २०१९ रोजी जाहीर झालेल्या ब्लूकीप या त्रुटीमुळे, परवलीचा शब्द ठाऊक नसतानाही जुन्या विंडोज संगणकांचा ताबा घेणे शक्य होते. तिचे गांभीर्य एवढे होते की मायक्रोसॉफ्टने केव्हाच निवृत्त केलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती दिली. बाहेरून प्रवेश हवाच असल्यास घरच्या राउटरवर व्हीपीएन उभारून त्यातून यावे. अनेक स्थानिक इंटरनेट सेवांत कित्येक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिला जातो. अशा घरांत राउटरवर पोर्ट उघडूनही बाहेरून काही पोहोचत नाही.

दूरस्थ नियंत्रणाची साधने फसवणुकीसाठीही वापरली जातात. बँकेतून किंवा वीज कार्यालयातून बोलत असल्याचे भासवून समोरची व्यक्ती मोबाइलवर असे ॲप उतरवून घ्यायला सांगते आणि त्यावर दिसणारा आकडा विचारते. तो सांगितला की पडदा तिच्या ताब्यात जातो. भारतीय रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये एनीडेस्क या ॲपच्या अशा गैरवापराबाबत बँकांना सावध केले होते. ॲप स्वतः वैध आहे. अनोळखी माणसास आकडा सांगणे हा धोका. असा प्रकार घडल्यास मोबाइलचे इंटरनेट तत्काळ बंद करून बँकेला कळवावे व १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी.