पाइन, मट आणि ‘>’ या खुणेचा इतिहास

आज किल्ले आणि लढाया बाजूला ठेवून ईमेलच्या दोन जुन्या आज्ञावलींविषयी लिहितो.

गेल्या पावसाळ्यात लोणावळ्याच्या घरी माळा आवरताना आत्याच्या फ्लॉप्या सापडल्या. १९९६ ते १९९८ ती अमेरिकेत शिकत होती. एका फ्लॉपीवर ‘सेंट-मेल-ऑक्ट-१९९६’, ‘सेंट-मेल-नोव्ह-१९९६’ अशा नावांच्या फायली निघाल्या. पेशवे दप्तरातले रुमाल सोडण्याची सवय असलेल्या मला हे महिनेवार गठ्ठे पाहून हसूच आले.

गठ्ठे आत्याने बांधले नव्हते, ते काम पाइनचे. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात १९८९ साली जन्मलेली ही आज्ञावली. चित्रे नाहीत, माउसची गरज नाही. पडद्यावर केवळ अक्षरे आणि तळाच्या दोन ओळींत कोणती कळ काय करते याची यादी. महिना उलटला की ती विचारी, पाठवलेल्या पत्रांची फाईल गेल्या महिन्याच्या नावाने बाजूला ठेवू का? पाठोपाठ दुसरा प्रश्न येई, जुन्या फायली पुसू का? आत्या सांगते, तिने दर वेळी ‘नाही’ची कळ दाबली. इतिहासाची साधने बहुधा अशीच वाचतात.

तो काळही ध्यानात घ्यायला हवा. आपल्याकडे ईमेल आधी विद्यापीठीय वर्तुळात आले, ते १९८६ साली सुरू झालेल्या ‘अर्नेट’ प्रकल्पातून. जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातून १९८९ मध्ये अमेरिकेशी जोडणी झाली, तिचा वेग सेकंदाला अवघा ९,६०० बिट. सर्वसामान्यांसाठी विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट खुले केले. स्वस्तातले खाते ‘शेल’चे, त्यात आपला संगणक म्हणजे निगमाच्या यंत्रात डोकावण्याची खिडकी, आणि तिथे पत्रांसाठी पाइन. त्या वेगात चित्र उतरेपर्यंत चहा होऊन जाई. अक्षरे मात्र झरझर येत. देवनागरी उमटत नसल्याने मराठी रोमन लिपीत लिहावी लागे. ‘आणि’साठी कोणी एक ‘ए’ वापरी, कोणी दोन. मोडी वाचताना ऱ्हस्व-दीर्घाचा जसा अंदाज बांधावा लागतो, तसेच हे.

आता मट. १९९५ साली मायकेल एल्किन्स यांनी ही आज्ञावली लिहिली. ‘सगळ्याच ईमेल-आज्ञावली टाकाऊ, ही त्यातल्या त्यात कमी’ अशा अर्थाचे तिचे बोधवाक्य मला अतिशय प्रिय आहे. आत्याच्या फायली मी मटमध्ये उघडल्या आणि त्या क्षणात उघडल्या, कारण आत साध्या अक्षरांपलीकडे काही नव्हते. ‘एल’ दाबून दोन तारखा दिल्या की तेवढ्याच काळातली पत्रे समोर राहतात. एका पत्राची उत्तरे, उत्तरांची उत्तरे वंशावळीसारखी फांद्यांनी जोडलेली दिसतात. पत्रांवर ‘टी’ने खुणा करीत गेले की अर्धविराम दाबून सर्वांवर एकच आज्ञा चालवता येते. दप्तरखान्यात मला असा कारकून मिळाला असता तर माझा प्रबंध एव्हाना संपला असता!

परंतु मला सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी सोय. उत्तर लिहिताना या आज्ञावली मूळ पत्र खाली उतरवून देतात आणि त्याच्या प्रत्येक ओळीआधी ‘>’ ही खूण करतात. जुन्या मराठी पत्रांत हीच रीत होती. आपले पत्र पावले, त्यात अमुक लिहिले, असे सांगून मगच उत्तर येई. त्यामुळे मूळ पत्र हरवले तरी उत्तरावरून त्याचा आशय लावता येतो.

आमच्या घरीही तेच घडले. तेव्हा लोणावळ्यात आमच्याकडे फोन होता, संगणक नव्हता. पुण्यातल्या मैत्रिणीकडे शेल खाते होते. आजोबा तिला फोनवर मजकूर सांगत, ती तो टंकून पाठवी आणि आत्याच्या उत्तराची छापील प्रत कोणाबरोबर तरी लोकलने लोणावळ्याला येई. मैत्रिणीने आपल्याकडची पत्रे कधी उतरवून घेतली नाहीत. आत्याकडेही आलेली पत्रे राहिली नाहीत, फक्त पाठवलेली राहिली. आजोबा २००१ मध्ये गेले. त्यांच्या हातचे पत्र घरात एकही नाही.

त्यांचे शब्द आहेत ते आत्याच्या उत्तरांत, ‘>’ या खुणेमागे. मटमध्ये मी या उद्धृत ओळींना वेगळा रंग दिला आणि पडद्यावर आजोबांचे बोलणे हिरवे झाले. कुठे अर्धीच ओळ, कारण उरलेली आत्याने उत्तर लिहिताना काढून टाकली होती. जुलै १९९७ च्या एका पत्रातली ही ओळ, रोमनमधून देवनागरीत आणलेली:

> भुशी धरण भरून वाहते आहे. तुझ्याकडे पाऊस असतो का गं?

खाली आत्याने चार परिच्छेद लिहिले आहेत, सगळे परीक्षेविषयी. पावसाविषयी एक शब्द नाही.