टवाळीचा मान

वणीहून पश्चिमेला पेठ-सुरगाण्याकडे निघालं की बोहाड्याचा मुलूख लागतो. रात्री संबळाच्या ठेक्यावर देवांची सोंगं नाचतात. गणपती, सरस्वती येतात, पुढे राम-रावण येतात. मुखवट्याआड गावातलाच कोणी असतो, त्यामुळे बघणारा हात जोडतो आणि चाल ओळखून हसतोही. भक्ती आणि थट्टा एकाच जागी बसवण्याची ही रीत मराठी मुलखात जुनी आहे.

तमाशाने तिला ठरलेला क्रम दिला. आधी गणपतीचा गण. त्याच्या पाठोपाठ गवळण, आणि तिथे मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट साक्षात कृष्णच अडवतो. बोबडा पेंद्या त्याच्या बाजूने बोलतो आणि लुगडं नेसलेला पुरुष, म्हणजे मावशी, देवाचा पाणउतारा करते. नंतर बतावणी, मग वग. उमाजी सावळजकरांचा ‘मोहना बटाव’ (१८६५) हा पहिला वग मानतात. वगाचं कथानक ठरलेलं असे, संवाद बहुधा लिहिलेले नसत. त्या मोकळ्या जागेत सोंगाड्या गावचा पाटील, सावकार, कालचा तंटा, सगळं ओढून आणी. फडातले कलावंत बहुतेक महार, मांग, कोल्हाटी. दिवसा ज्यांना वाड्याच्या पायरीशी उभं राहावं लागे, ते रात्री बोर्डावर राजाला उलट उत्तर देत. याच धारेतून नाशिक जिल्ह्यातल्या भीमराव कर्डकांनी १९३०च्या दशकात आंबेडकरी जलसा उभा केला. देवाच्या गणाची जागा बाबासाहेबांच्या वंदनाने घेतली आणि टवाळीचा रोख जातीच्या अहंकारावर आला.

‘गाढवाचं लग्न’ या वगाने तर स्वर्गालाही सोडलं नाही. इंद्राने शापलेला गंधर्व गाढव होऊन सावळ्या कुंभाराच्या दारी येतो आणि राजकन्येला मागणी घालतो. दादू इंदुरीकरांचा सावळ्या अजून लोकांच्या बोलण्यात आहे. १९६५ साली वसंत सबनिसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ आलं. त्यातला दादा कोंडक्यांचा हवालदार ताज्या बातम्यांवर रोज नवी कोटी करी. १९७१ साली ‘सोंगाड्या’मधून तोच उद्धटपणा, लोंबत्या नाडीच्या चड्डीसह, पडद्यावर आला.

अशीच टवाळी दुसरीकडेही झाली. तीन वर्षांनी अमेरिकेत काउबॉयपटांची टर उडवणारा मेल ब्रुक्सचा ‘ब्लेझिंग सॅडल्स’ लागला. गोऱ्यांच्या गावात काळा शेरीफ नेमला जातो, अब्रूदार नागरिकांचा वर्णद्वेष उघडा पडतो आणि शेवटी मारामारी स्टुडिओची भिंत फोडून शेजारच्या सेटवर घुसते. तिथला प्रेक्षक काउबॉयपट बघतच वाढला होता. शेरीफचा तारा आणि बंदूक त्याला पवित्र वाटत, म्हणून तो पोट धरून हसला. ब्रुक्सला थट्टेसाठी चौकट मोडावी लागली. तमाशात थट्टा चौकटीतच होती, गणाच्या लगोलग.

थट्टा टिकण्याचं कारण मात्र दोन्हीकडे एकच. गंभीर काउबॉयपट विरळ झाले, राजे-प्रधानही गेले. अधिकाराचा तोरा तेवढा उरला आणि तो दर पिढीला नव्या वर्दीत भेटतो. सबनिसांच्या वगात राजा जुन्या काळातला आहे. हवालदार मात्र ताज्या बातम्यांवर बोले, तरी प्रेक्षकाने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.