जेऊरची सावली आणि पृथ्वीचे घड्याळ

२२ जानेवारी १८९८ रोजी पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रा. कावसजी दादाभाई नायगामवाला खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घेण्यास यंत्रे घेऊन सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे गेले होते. ग्रहणाची सावली कोठे पडणार, हे पृथ्वीच्या फिरण्यावरही अवलंबून असते. पृथ्वी एका सेकंदाने मागे पडली, तर जेऊरच्या अक्षांशावर सावली सुमारे ४४० मीटर सरकेल.

आता जुना हिशेब पाहा. इ. स. पूर्व १३६ मध्ये बाबिलोनच्या ज्योतिषांनी खग्रास ग्रहण पाहून मातीच्या पाट्यांवर नोंदविले. पृथ्वी सदैव एकाच वेगाने फिरली असे धरून गणित मागे नेले, तर ती सावली बाबिलोनच्या सुमारे ४८ अंश पश्चिमेस पडते! चूक बाबिलोनकरांची नव्हे, पृथ्वीची. मुख्यतः भरती-ओहोटीच्या घर्षणाने दिवस शतकामागे सुमारे दोन सहस्रांश सेकंदाने लांबतो. पण ही रोजची तूट साठत साठत सव्वातीन तासांवर जाते.

आण्विक घड्याळांचा काल पृथ्वीशी जुळता राहावा म्हणून १९७२ ते २०१६ या काळात २७ लीप सेकंद घातले गेले. आपण त्यांना अधिक सेकंद म्हणू. शेवटचा पुण्यास १ जानेवारी २०१७ च्या पहाटे साडेपाचच्या ठोक्याआधी आला. तेव्हा जागे किती होते, कोण जाणे. २०२० पासून मात्र पृथ्वी किंचित घाईत दिसते. तेव्हा क्षयमासाप्रमाणे क्षय सेकंदाचीही चर्चा सुरू झाली. अखेर २०२२ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०३५ पर्यंत तफावतीची मर्यादा वाढविण्याचे ठरविले.

कित्येकांना ही सूर्याशी फारकत वाटते. मला तसे वाटत नाही. प्रमाणवेळेप्रमाणे पुण्याचा मध्यान्ह सरासरीने १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास होतो, आणि जेवणे काही खोळंबत नाहीत.