चुलीवरची भांडी आणि तीन हजार वर्षे

कल्याण-आंबिवलीकडून माळशेज घाट चढून आळेफाट्याला पोहोचले, की नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यावर संगमनेर लागते. त्याच्या जवळच, प्रवरेच्या काठी, जोर्वे हे गाव आहे. येथे 1950-51 साली ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले. तेव्हापासून महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या एका संस्कृतीला आपण या गावाच्या नावाने ओळखतो. नाव मिळाले ते भांड्यांमुळे.

जोर्वेची भांडी चाकावर घडवलेली, लालसर, आणि त्यावर काळ्या रंगात आडव्या-तिरप्या रेषांची नक्षी. चांगली भाजलेली असल्यामुळे टिचकी मारली की खणखणीत वाजतात. लांब तोटीचा तांब्या आणि मध्येच कोन करून वळलेला वाडगा, हे आकार एकदा पाहिले की विसरत नाहीत. संग्रहालयात नेमकी हीच भांडी मांडलेली दिसतात.

पण घर नक्षीच्या तांब्यावर चालत नाही. पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले आणि शंभराहून अधिक घरांचे अवशेष उघडे केले. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या या कामामुळे प्रथमच अंगण, चूल, धान्याची साठवण असे सारे घर समोर आले. तेथे हाताने घडवलेली जाडीभरडी भांडीही भरपूर आहेत. धान्याचे मोठे रांजण चाकावर घडवणे अवघड. ते हातानेच उभारले, आणि बाहेरून मातीच्या पट्ट्या चिकटवून त्यांवर बोटांचे ठसे उमटवले. मला तरी ते ठसे काळ्या नक्षीपेक्षा जास्त जवळचे वाटतात.

भांड्याचे काम बदलले की मातीही बदलावी लागते. चुलीवर ठेवायच्या भांड्याची माती फार बारीक असेल तर एकदम तापल्यावर ती तडकते, म्हणून तिच्यात वाळू किंवा भुसा मिसळतात. आजही आपले कुंभार मातीत राख आणि लीद घालतात. माठाच्या बाबतीत छिद्रे राहणे हाच गुण ठरतो, कारण पाणी झिरपून त्याची वाफ होते आणि आतले पाणी थंड राहते. रंग ठरतो तो भट्टीतल्या हवेवर. भरपूर हवा मिळाली तर मातीतील लोह लाल होते. हवा कोंडली तर भांडे करडे किंवा काळे होते.

इनामगावच्या करड्या भांड्यांचा एक उपयोग मात्र मन अस्वस्थ करतो. तान्ही मुले दगावली, तर दोन करडी भांडी आडवी, तोंडाला तोंड लावून त्यांत त्यांना ठेवत आणि घराच्याच जमिनीखाली पुरत. शेजारी तोटीचे भांडे आणि वाडगा ठेवत. सापडलेल्या दफनांत मुलांचीच संख्या फार मोठी आहे. म्हणजे नक्षीचा तांब्या आपल्याला शाबूत मिळतो, तो बऱ्याचदा कोणाच्या तरी घरातल्या दुःखामुळे. सुमारे इ. स. पू. 1000 नंतर मोठ्या आयताकृती घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसू लागतात आणि भांडीही भरड होत जातात. ढवळीकरांनी याचा संबंध वाढत्या कोरडेपणाशी जोडला.

अमेरिकेतील ॲरिझोनातील होपी लोकांकडे चाक नव्हतेच. तेथे बायका मातीच्या वळ्या एकावर एक चढवून भांडी घडवत, आणि कोळशाची भट्टीही त्यांच्या पूर्वजांना ठाऊक होती. 1895 साली फ्यूक्स यांनी सिक्याट्की हे त्यांचे जुने गाव खणले. तेथील नक्षी नॅम्पेयो या होपी कुंभारणीने नव्याने आणली आणि ती जगभर गाजली. साधी स्वयंपाकाची भांडी मात्र मागेच राहिली. आपल्याकडे चाक पुरुषाच्या हाती, तेथे सगळी घडण बाईच्या हाती, हा फरक मुलांना विचार करायला लावील.

वर्गात एक प्रयोग करता येईल. फुटलेल्या माठाचा किंवा कुंडीचा तुकडा घ्या (जुन्या पांढरीवरचा उचलू नका, तो जागेवरच राहू द्या) आणि त्याची ताजी तुटलेली कड भिंगातून पाहा. बाहेर लाल आणि मध्ये काळा पट्टा दिसला, तर भाजताना आतपर्यंत हवा पोचली नाही आणि मातीतला भुसा किंवा लीद पूर्ण जळली नाही. भुशाची जागा रिकामी राहते, तीही दिसेल.