शाळेविषयी मुलांचे मत : एका प्रथेचा इतिहास

शाळेत प्रश्न विचारण्याचा हक्क फार काळ शिक्षकाचा होता आणि उत्तर देणे हे विद्यार्थ्याचे काम. धडा समजला का, पाढे पाठ झाले का, हे मुलाला विचारले जाई. धडा कसा शिकवला गेला, हे त्याला विचारण्याची रीत नव्हती. त्याचा निवाडा तपासणीला येणारे साहेब, संस्थाचालक आणि पालक करत. १८८२ साली हंटर आयोगाने हिंदुस्थानातील शिक्षणाची चौकशी केली, तेव्हा जोतीराव फुले यांनी आयोगाला निवेदन सादर केले. अधिकारी, शिक्षक, मिशनरी आणि समाजातील जाणत्या मंडळींनीही आपले म्हणणे मांडले. बाकावर बसणाऱ्या मुलांची साक्ष काढावी, ही कल्पना त्या काळच्या चौकशीत बसणारी नव्हती.

विद्यार्थ्यांना मोठ्या संख्येने विचारण्याचा एक आरंभीचा प्रयत्न अमेरिकेत झाला. आयोवा राज्यातील सू सिटी येथील एच. ई. क्रॅट्झ यांनी दुसरी ते आठवीच्या २,४११ विद्यार्थ्यांना आपल्या सर्वांत चांगल्या शिक्षकाचे गुण लिहायला सांगितले आणि त्याचे निष्कर्ष १८९६ मध्ये प्रसिद्ध केले. अभ्यासात मदत करणारा शिक्षक चांगला, असे ८७ टक्के मुलांनी लिहिले. लहान मुले केवळ लाड करणाऱ्याला चांगला म्हणतील, या समजाला त्यातून छेद गेला. मात्र प्रश्नच चांगल्या शिक्षकाविषयीचा असल्याने तक्रारीला जागा नव्हती. शिवाय प्रश्न काढणारा, उत्तरे तपासणारा आणि त्यांचे काय करायचे हे ठरवणारा, तिघेही एकच होते. या प्रथेचा पुढचा इतिहास बऱ्याच अंशी ही तीन कामे कोणाच्या हाती असावीत, या वादाचा आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही संस्थांनी हे अधिकार मुलांकडे सोपवून पाहिले. वॉर्साचे डॉक्टर आणि लेखक जान्यूश कोर्चाक यांनी १९१२ पासून चालवलेल्या अनाथाश्रमात मुलांची संसद आणि मुलांचे न्यायालय होते. मुले एकमेकांवर फिर्याद करत, तशीच मोठ्यांवरही करू शकत. खुद्द कोर्चाक यांनाही आरोपी म्हणून या न्यायालयापुढे यावे लागले. १९२६ मध्ये त्यांनी एका दैनिकाची साप्ताहिक पुरवणी म्हणून मुलांचे वृत्तपत्र सुरू केले. ते मुलांनी पाठवलेल्या मजकुरावर चाले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये नाझींनी आश्रमातील मुलांसह कोर्चाक यांना त्रेब्लिंका येथे नेऊन ठार केले.

ए. एस. नील यांनी १९२१ मध्ये जर्मनीत सुरू केलेल्या आणि पुढे इंग्लंडमध्ये आलेल्या समरहिल शाळेत नियम ठरवण्यासाठी सर्वांची सभा भरे आणि तिथे मुख्याध्यापकाचे मत एक, तसेच सर्वांत लहान मुलाचेही एकच. तासाला बसायचे की नाही, हेही मुलाने ठरवायचे होते. या मुद्द्यावरून १९९९ मध्ये सरकारी तपासणी यंत्रणेशी शाळेचा वाद पेटला आणि प्रकरण लवादापुढे गेले. २००० साली तडजोडीचा मसुदा पुढे आला, तेव्हा लंडनच्या न्यायालयातच मुलांनी आपली सभा भरवली आणि तो स्वीकारण्याचा निर्णय घेतला. यापुढच्या तपासणीत विद्यार्थ्यांचे म्हणणे विचारात घ्यावे, हे त्या तडजोडीत मान्य झाले होते.

या संस्था वेगळ्या वाटेने जाणाऱ्या होत्या. सर्वसाधारण शाळेतल्या मुलाचे मत सार्वजनिक चर्चेत आले ते १९६० च्या दशकाच्या अखेरीस. डिसेंबर १९६७ मध्ये लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ या पत्राने माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांसाठी ‘मला हवी तशी शाळा’ या विषयावर स्पर्धा ठेवली. आलेल्या लेखनातून शिक्षक-लेखक एडवर्ड ब्लिशेन यांनी १९६९ मध्ये पुस्तक तयार केले. परीक्षांचा जाच, कंटाळवाणे तास आणि तयार उत्तरे गिळायला लावणारी पद्धत यांविषयी मुलांनी तक्रार केली होती. चौकोनी खोल्यांनाही अनेक जण विटले होते. त्यांच्या कल्पनेतल्या शाळा गोल आणि घुमटाकार होत्या. २००१ मध्ये ‘गार्डियन’ने हाच प्रश्न पुन्हा विचारला. कॅथरीन बर्क आणि इयन ग्रॉव्हनर यांनी त्यावरून २००३ मध्ये काढलेल्या पुस्तकात, ऐकून घेणारी आणि भेदभाव न करणारी शाळा ही मागणी ठळकपणे दिसते. मधल्या पिढीत मुलांच्या पुष्कळशा तक्रारी तशाच राहिल्या होत्या.

सक्तीच्या शिक्षणाचे वय १६ पर्यंत वाढवण्याची तयारी इंग्लंडमध्ये ‘ऑब्झर्व्हर’च्या स्पर्धेच्याच सुमारास चालू होती. त्यासाठी झालेल्या १९६८ च्या एका सरकारी पाहणीत शाळा लवकर सोडणारी मुले, त्यांचे पालक आणि शिक्षक यांना शाळेच्या हेतूविषयी विचारण्यात आले. पोटापाण्याच्या उद्योगाला उपयोगी पडेल ते शिकवावे, असे मुलांना व पालकांना वाटत होते. शिक्षकांचा भर शील आणि व्यक्तिमत्त्व घडवण्यावर होता. एकाच वर्गात समोरासमोर बसणाऱ्यांच्या अपेक्षांमधली ही दरी दोन्ही बाजूंना विचारल्यामुळेच नजरेस आली.

इटलीत मात्र मुलांनी कोणी विचारण्याची वाट पाहिली नाही. फ्लोरेन्सजवळच्या डोंगरातील बार्बियाना या वाडीवर १९५४ मध्ये फादर लोरेन्झो मिलानी यांची नेमणूक झाली. सरकारी शाळेत नापास होऊन बाहेर पडलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढली. ती दिवसभर आणि वर्षभर चाले. थोरली मुले धाकट्यांना शिकवत. या शाळेतल्या आठ मुलांनी त्यांना नापास करणाऱ्या शिक्षिकेला उद्देशून लिहिलेले दीर्घ पत्र १९६७ च्या मे महिन्यात पुस्तकरूपाने आले आणि पुढच्याच महिन्यात मिलानी यांचे निधन झाले. पत्रात राग होता, तसा हिशेबही होता. कोणत्या इयत्तेत किती मुले गळतात, त्यांचे बाप काय काम करतात, याची आकडेवारी मुलांनी स्वतः गोळा करून मांडली होती. इटलीच्या भौतिकशास्त्र संस्थेने या सांख्यिकी कामाला पारितोषिक दिले. नापास करणे थांबवा, मागे पडणाऱ्यांसाठी पूर्ण दिवसाची शाळा ठेवा आणि आळशी वाटणाऱ्यांना शिकण्याचा हेतू द्या, या त्यांच्या तीन मागण्या होत्या. ‘प्रिय बाई’ या नावाने हे पुस्तक मराठीतही आले.

मुलाला विचारणे ही मोठ्यांची मर्जी न राहता त्याचा हक्क व्हावा, याचा पाया संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेने घातला. अशा संहितेचा प्रस्ताव १९७८ मध्ये पोलंडने, म्हणजे कोर्चाक यांच्या देशाने, मांडला होता. २० नोव्हेंबर १९८९ रोजी ती मंजूर झाली. स्वतःशी संबंधित बाबींवर मत मांडण्याचा मुलाचा हक्क तिच्या बाराव्या कलमात आहे. वय आणि समज पाहून त्या मताला वजन द्यावे, असेही त्यात म्हटले आहे. भारताने डिसेंबर १९९२ मध्ये ही संहिता स्वीकारली. त्याच वर्षी रॉजर हार्ट यांनी युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. मुलांना पढवून बोलायला लावणे, शोभेपुरते उभे करणे आणि नावापुरते विचारणे या तिच्या खालच्या तीन पायऱ्या होत्या. हार्ट यांच्या मते त्या सहभागात मोडतच नव्हत्या.

प्रत्यक्ष अध्यापनाविषयी पद्धतशीर विचारणा रुळली ती यानंतर. केंब्रिजच्या जीन रडक यांच्या नेतृत्वाखाली २००० ते २००३ या काळात इंग्लंडमधील शाळांत एक मोठा संशोधन प्रकल्प चालला. विद्यार्थी टीकेचा भडिमार करतील, ही शिक्षकांची मुख्य भीती होती. मुलांची उत्तरे मात्र संयत निघाली: मान द्या, सर्वांना सारखे वागवा, अडल्यावर मदत करा, डोक्याला चालना मिळेल असे काम द्या. एक अडचणही लक्षात आली. चारचौघांत नीट बोलता येणाऱ्या मुलांचे म्हणणे शिक्षकांपर्यंत लवकर पोचते. शाळेत न रमणारा, बोलायला बिचकणारा विद्यार्थी मागेच राहतो. ज्याचे मत सर्वांत गरजेचे, तोच गप्प, अशी स्थिती होती. इंग्लंडच्या २००२ च्या शिक्षण कायद्यात विद्यार्थ्यांशी विचारविनिमय करण्याविषयी तरतूद आली. २००५ पासून तपासणीचे निष्कर्ष मुलांना पत्राने कळवण्याची पद्धतही काही वर्षे होती.

अमेरिकेत या विचारणेने मोजमापाचे वळण घेतले. गेट्स प्रतिष्ठानने २००९ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात सुमारे ३,००० शिक्षकांनी भाग घेतला. त्यात हार्वर्डचे रोनाल्ड फर्ग्युसन यांनी बनवलेली प्रश्नावली वापरली होती. शिक्षक चांगला आहे का, असे न विचारता वर्गात काय घडते याविषयीची विधाने मुलांपुढे ठेवली जात. मुलांची उत्तरे आणि त्यांची अभ्यासातील प्रगती यांचा संबंध असल्याचे या अभ्यासात दिसले. त्यामुळे शिक्षकांच्या मूल्यमापनात या उत्तरांना स्थान देण्याची सूचना पुढे आली आणि वादही सुरू झाला. शिकवण्यात सुधारणा करण्यासाठी घेतलेले मत नोकरीच्या हिशेबात धरले, तर शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातला मोकळेपणा टिकेल का, हा त्यातला कळीचा प्रश्न होता.

भारतात १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने या विषयाला कायद्याच्या भाषेत जागा दिली. मूल भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त असावे आणि त्याला मोकळेपणाने मत मांडता यावे, हे त्याच्या २९ व्या कलमात अभ्यासक्रम व मूल्यमापनाच्या निकषांमध्ये आहे. शाळेच्या कारभारासाठी व्यवस्थापन समिती असावी आणि तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असे २१ वे कलम सांगते. उरलेल्या एक चतुर्थांश जागांची वाटणी केंद्राच्या नियमांत आहे. त्यांतील एक तृतीयांश स्थानिक लोकप्रतिनिधींना, एक तृतीयांश शिक्षकांना आणि एक तृतीयांश ‘स्थानिक शिक्षणतज्ज्ञ किंवा शाळेतील मुले’ यांना. म्हणजे समितीतल्या बारा जागांपैकी एक, तीही मिळाली तर. तज्ज्ञ घ्यायचा की विद्यार्थी, हे समितीतील पालकांनी ठरवायचे आहे.