स्पेक्ट्रम : वर्णपट की भूत?

पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला ‘स्पेक्ट्रम’चा अर्थ विचारा. ‘वर्णपट’ असे उत्तर तो तत्काळ देईल. या शब्दाचा एके काळी ‘भूत’ असाही अर्थ होता, असे सांगितलेत तर मात्र तो तुमच्याकडेच जरा संशयाने पाहील!

मूळ शब्द लॅटिन. ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणे, आणि ‘स्पेक्ट्रुम’ म्हणजे जे दिसते ते. आपल्या संस्कृतातला ‘पश्यति’ याच कुळातला, हेर या अर्थाचा ‘स्पश’ही त्यातलाच. म्हणजे मुळात भीतीचा लवलेश नाही. नुसते दिसणे आहे. ‘फॅन्टम’चेही तसेच. ग्रीक ‘फाइनेइन’ म्हणजे प्रकट करणे. त्याचा धातू आपल्या ‘भा’ धातूचा भाऊबंद. ‘मला भास झाला’ असे आपण म्हणतो, तेव्हा नकळत इंग्रजांच्या फॅन्टमशी दूरचे नाते जोडीत असतो. (‘घोस्ट’चे घराणे निराळे. त्यातल्या मुक्या ‘एच’ने आमच्या विद्यार्थ्यांना जितके छळले आहे, तितके कोणत्याही भुताने छळले नसेल.)

सतराव्या शतकात इंग्रजीत ‘स्पेक्ट्रम’ म्हणजे दिसणारी भुताटकीची आकृती. अशा वेळी, १६७२ साली, न्यूटनने रॉयल सोसायटीला आपल्या प्रयोगाची हकीकत लिहून पाठविली. खोलीत अंधार केला, खिडकीच्या झडपेला बारीक भोक पाडले, आणि आत आलेला सूर्यकिरण लोलकातून समोरच्या भिंतीवर पाडला. गोल कवडसा पडावा अशी त्याची अपेक्षा; पडला तो रुंदीच्या पाचपट लांब असा रंगीत पट्टा. त्याला त्याने ‘स्पेक्ट्रम’ म्हटले. अंधाऱ्या खोलीत भिंतीवर उमटलेली, दिसते पण हाती लागत नाही अशी वस्तू! मला तरी शब्द अगदी नेमका वाटतो.

पुढे अवघ्या वीस वर्षांत, १६९२ मध्ये, याच शब्दाचे भावंड ‘स्पेक्टर’ अमेरिकेतील सेलम गावी न्यायालयात येऊन उभे राहिले. मॅसॅच्युसेट्स तेव्हा इंग्रजांची वसाहत होती. बाधा झालेल्या मुली सांगत, की अमुक बाईची छायाकृती येऊन आम्हांला चिमटे काढते, गळा दाबते. ती छाया इतर कोणालाही दिसत नसे. तरी न्यायाधीश हा पुरावा धरीत. आरोपी बाईने काय करावे? ‘मी त्या वेळी घरी होते’ म्हणून उपयोग काय? देह घरी असेल, छाया गेली असेल! एकोणीस माणसे फासावर गेली. एका वृद्धाला दगडांच्या वजनाखाली दडपून मारले. अखेर ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर फिप्सने ते न्यायालय मोडले, आणि पुढच्या न्यायालयाने असल्या छायांची साक्ष मानली नाही. तेव्हा बहुतेक आरोपी सुटले.

बहुतेक, सगळे नव्हेत. एलिझाबेथ जॉन्सन या तरुणीला १६९३ मध्ये देहान्ताची शिक्षा सुनावली गेली. फिप्सने फाशी टाळली, पण नावावरचा डाग राहिला तो राहिलाच. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने तो पुसला २०२२ साली.